ट्रॅक्टरवाल्यांच्या संघातून घडलेले जगज्जेते

बीदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण किंवा कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या सीमाभागातील मराठी मुलखात ‘महिंद्रा’ म्हटले की डोळ्यांसमोर ट्रॅक्टर उभा राहतो. त्यात नवल नाही. सोलापूरहून हुमनाबादमार्गे हैदराबादकडे जाणारा महामार्ग कर्नाटकाची हद्द ओलांडून तेलंगणात शिरतो, तेव्हा लागणाऱ्या जहीराबाद येथे या कंपनीचा ट्रॅक्टरचा कारखानाच आहे. तुरीच्या आणि सोयाबीनच्या शेतांतून फिरणारे हेच नाव २०११ ते २०१७ अशी सात वर्षे जागतिक मोटारसायकल शर्यतींच्या धावपट्टीवरही झळकत होते, हे मात्र या भागातच काय, मुंबई-पुण्यातही फार थोड्यांच्या लक्षात राहिले आहे.

त्या सात वर्षांत महिंद्राला एकही जागतिक विजेतेपद मिळाले नाही. पण त्यानंतर जे घडले ते कुतूहलाचे आहे. मोटारसायकल शर्यतींचा सर्वोच्च गट म्हणजे मोटोजीपी. तेथे २०२२ आणि २०२३ चे विजेतेपद इटलीच्या फ्रान्चेस्को बान्याया याने पटकावले, तर २०२४ चे स्पेनच्या होर्हे मार्टिन याने. हे दोघेही एकेकाळी महिंद्राच्या गाडीवर, एकाच संघात, शेजारी-शेजारी बसून शर्यतीची तयारी करत होते. सलग तीन वर्षांचे जगज्जेतेपद ज्यांच्याकडे गेले, त्यांना अगदी कोवळ्या वयात हेरणारा संघ गुणतक्त्यात बहुधा मधल्या किंवा खालच्या पायऱ्यांवरच असे. लहान संघ चालकांची निवड कशी करतो, त्यांना काय देऊ शकतो आणि अखेर त्याच्या हाती काय उरते, हे समजून घेण्यासाठी याहून चांगले उदाहरण भारतात तरी दुसरे नाही.

महिंद्रा समूहाने २००८ मध्ये पुण्याच्या कायनेटिक मोटरचा दुचाकी व्यवसाय विकत घेतला आणि स्कूटरच्या बाजारात पाऊल टाकले. त्याच सुमारास इटलीतील इंजिन्स इंजिनिअरिंग ही आरेखन कंपनीही समूहाकडे आली. शर्यतींचा अनुभव तिच्या गाठीशी होता. या पायावर २०११ मध्ये महिंद्राचा संघ १२५ सीसीच्या जागतिक गटात उतरला. जागतिक मालिकेत उतरणारा हा पहिला भारतीय संघ. ब्रिटनचा डॅनी वेब आणि जर्मनीचा मार्सेल श्रोटर हे त्याचे पहिले दोन चालक. दोघेही होतकरू, पण मोठ्या संघांनी ज्यांच्यासाठी रांग लावावी असे नव्हेत. वर्षाच्या अखेरीस व्हॅलेन्सिया येथे १२५ सीसी गटाची इतिहासातील शेवटची शर्यत झाली आणि तिच्या पात्रता फेरीत वेबने सर्वांत वेगवान वेळ नोंदवली. पहिल्याच वर्षी पहिल्या रांगेतील पहिले स्थान मिळाले, तेव्हा पुढचा रस्ता सोपा वाटला असेल.

तसे झाले नाही. २०१२ पासून १२५ सीसी गट बंद झाला आणि त्याची जागा मोटो-३ या नव्या गटाने घेतली. २५० सीसीचे, एकाच सिलिंडरचे, चार-स्ट्रोक इंजिन हा नवा नियम. महिंद्राने इटलीच्या ओरल इंजिनिअरिंगकडून नवी गाडी घडवून घेतली, ती साफ फसली. सांगण्याजोगे काहीच त्या वर्षी पदरात पडले नाही.

अशा वर्षानंतर लहान संघाची खरी कसोटी लागते आणि ती धावपट्टीवर लागत नाही. चालकाच्या कारकिर्दीतील वर्षे मोजकी असतात. गाडी संथ असेल तर चालक कितीही निष्णात असो, तो पंधराव्या किंवा विसाव्या क्रमांकावर दिसतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यात त्याचे कसब किती आणि गाडीचा दोष किती हे कळत नाही. म्हणून ज्याला दुसरीकडे दार उघडे आहे तो अशा संघाकडे फिरकत नाही. उरतात ते तीन प्रकारचे लोक. ज्यांना अजून कोणी आजमावलेले नाही अशी पोरे, मोठ्या संघाने एक-दोन वर्षे वापरून बाजूला सारलेले तरुण आणि ज्यांची उमेद शाबूत असली तरी वय पुढे सरकू लागले आहे असे अनुभवी. याशिवाय चौथाही एक प्रकार आहे, त्याची चर्चा जाहीरपणे कमी होते. तो म्हणजे स्वतःचा प्रायोजक सोबत घेऊन येणारा चालक. खालच्या गटांत संघाने चालकाला मानधन देण्याऐवजी चालकानेच संघाला पैसा आणून देणे ही सर्रास चालणारी रीत आहे. ज्याच्यामागे आपले उद्योगधंदे उभे राहू शकतात अशा देशांतील मुलांना त्यामुळे जागा सोपी होते. गुणवत्तेच्या नावाने चालणाऱ्या खेळाला ही गोष्ट शोभणारी नाही, पण लहान संघाचा जमाखर्च बहुतेक वेळा याच आधारावर जुळतो.

महिंद्राच्या पाठीशी मोठा उद्योगसमूह असल्याने त्याला असे चालक घेण्याची सक्ती नव्हती, आणि २०१३ साठी केलेली निवड त्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. स्वित्झर्लंडच्या सुटर या कंपनीच्या साहाय्याने गाडी नव्याने घडवली गेली आणि तिच्यासाठी दोन चालक करारबद्ध झाले. एक स्पेनचा एफ्रेन वाझकेझ, वय सव्वीस, अनेक वर्षे या गटात मुरलेला. दुसरा पोर्तुगालचा मिगेल ऑलिव्हेरा, वय अठरा. ही जोडी सहज जमलेली नव्हती. नवी गाडी घडवताना तिचा दोष नेमका कुठे आहे हे अभियंत्याला सांगू शकणारा माणूस लागतो. वळणावर पुढचे चाक निसटते की मागचे, इंजिनाची ताकद कोणत्या क्षणी अंगावर येते, हे शब्दांत मांडणे अनुभवाने येते. आणि गाडी सुधारू लागली की तिच्यातून शेवटचा थेंब पिळून काढायला भीड न बाळगणारा तरुण लागतो. थोड्या पैशांत दोन्ही गरजा भागवायच्या तर एक वाझकेझ आणि एक ऑलिव्हेरा हेच उत्तर निघते.

ऑलिव्हेरा लिस्बनच्या समोर, तेजो नदीच्या पैलतीरावर असलेल्या आल्मादाचा. गोव्यातील वाचकाला हे आडनाव शेजारच्या वाड्यातले वाटेल. त्याने २०१३ मध्ये मलेशियातील सेपांग येथे पहिल्या तिघांत येऊन महिंद्राला जागतिक मालिकेतील पहिले पारितोषिक-स्थान मिळवून दिले. भारतीय बनावटीच्या नावाची गाडी त्या मंचापर्यंत पोचण्याची ती पहिलीच वेळ.

यश मिळू लागले की लहान संघापुढे दुसरा पेच उभा राहतो. वाझकेझ एका वर्षातच होंडाच्या गाड्या वापरणाऱ्या जर्मन संघात गेला आणि २०१४ मध्ये त्याने दोन शर्यती जिंकल्या. ऑलिव्हेरा आणखी एक वर्ष थांबला, २०१४ मध्ये नेदरलँड्समधील आसेन येथे पुन्हा पहिल्या तिघांत आला आणि २०१५ साठी केटीएमच्या गाड्या चालवणाऱ्या फिनलंडच्या आयो संघात दाखल झाला. तेथे त्याने एकाच हंगामात सहा शर्यती जिंकल्या आणि जगज्जेतेपद अवघ्या सहा गुणांनी हुकले. पुढे मोटोजीपीत त्याच्या नावावर पाच विजय लागले. महिंद्राने २०१४ पासून आपल्या गाड्या इतर संघांनाही पुरवायला सुरुवात केली होती. इटलीच्या अँब्रोजिओ संघात त्या गाडीवर बसणारा दक्षिण आफ्रिकेचा ब्रॅड बाइंडर त्या वर्षी जर्मनीत दुसरा आला. २०१५ मध्ये तोही त्याच आयो संघात गेला आणि २०१६ मध्ये मोटो-३ चा जगज्जेता झाला.

येथे करारांविषयी थोडे सांगणे भाग आहे. हंगाम मार्च ते नोव्हेंबर असा चालतो, पण पुढच्या वर्षाच्या वाटाघाटी उन्हाळ्यातच, जून-जुलैपासून, सुरू होतात. लहान संघ सामान्यतः एका वर्षाचा करार करतो आणि दुसऱ्या वर्षाचा पर्याय आपल्या हाती ठेवण्याचा प्रयत्न करतो. चालकाचा व्यवस्थापक मात्र अमुक क्रमांकाच्या वर आल्यास करारातून मोकळे होण्याची मुभा मागतो. दोन्ही बाजूंचे म्हणणे रास्त असते. चालकाला अडवून ठेवले तर मन उडालेला माणूस संथ गाडीपेक्षाही महाग पडतो, आणि जाऊ दिले तर त्याच्यावर घातलेली मेहनत दुसऱ्याच्या तक्त्यात जमा होते. फुटबॉलमध्ये खेळाडू सोडताना जुन्या क्लबला मोठी रक्कम मिळते. मोटारसायकल शर्यतीत करार संपला की चालक रिकाम्या हाताने नव्हे, पण संघ मात्र रिकाम्या हाताने उरतो. घडवणाऱ्याला मोबदला देणारी व्यवस्थाच या खेळात नाही, आणि लहान संघ वरच्या पायरीवर न पोचण्याचे हे एक मोठे कारण आहे.

२०१४ च्या अखेरीस महिंद्राने स्वतःचा संघ चालवणे थांबवले आणि आपल्या अधिकृत गाड्या स्पेनमधील आस्पार संघाच्या हाती दिल्या. हा निर्णय बाहेरून माघारीसारखा दिसला. वास्तविक तो सर्वांत शहाणपणाचा होता. या संघाचे प्रमुख होर्हे मार्टिनेझ ‘आस्पार’ हे स्वतः लहान इंजिनांच्या गटांतील चार वेळचे जगज्जेते. कोणता मुलगा पुढे चमकेल हे ओळखण्यात त्यांचे आयुष्य गेलेले. गाडी आणि पैसा मुंबईचा, पारख व्हॅलेन्सियाची, अशी ती विभागणी होती.

२०१५ साठी आस्पारने घेतलेल्या तरुणांत बान्याया होता. त्याची तोवरची कामगिरी पाहिली तर कोणाही व्यवहारी माणसाने नकार दिला असता. २०१३ च्या पहिल्या जागतिक हंगामात त्याला एकही गुण मिळाला नव्हता. २०१४ मध्ये व्हॅलेंतिनो रॉसीच्या संघात केटीएमवर बसूनही त्याने फार काही दाखवले नव्हते. वय अठरा. दुसरा होर्हे मार्टिन, वय सतरा, २०१४ चा रेड बुल रुकीज कप जिंकलेला. या स्पर्धेत सर्व मुलांना एकसारख्या गाड्या दिल्या जातात, त्यामुळे तेथे गाडीची सबब चालत नाही आणि संघांना निखळ कसब दिसते. म्हणजे एकाच छपराखाली वर सांगितलेले दोन प्रकार आले. एक बाजूला पडलेला, एक न आजमावलेला.

बान्याया त्याच वर्षी फ्रान्समधील ल मां येथे तिसरा आला. आणि २६ जून २०१६ रोजी आसेन येथे त्याने महिंद्राला पहिला विजय मिळवून दिला. तो त्याच्याही आयुष्यातील पहिला जागतिक विजय होता, आणि भारतीय कंपनीच्या गाडीने जागतिक मालिकेतील शर्यत जिंकण्याचाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथे ब्रिटनचा जॉन मॅकफी पहिला आणि मार्टिन दुसरा आला. मॅकफीच्या गाडीवर नाव प्यूजोचे होते, पण त्या फ्रेंच दुचाकी कंपनीत महिंद्राचा मोठा हिस्सा असल्याने खालची गाडी महिंद्राचीच होती. ऑक्टोबरअखेर सेपांग येथे बान्यायाने आणखी एक विजय जोडला आणि हंगामाच्या गुणतक्त्यात चौथे स्थान मिळवले. नोव्हेंबरमध्ये व्हॅलेन्सिया येथे आस्पार संघाच्या मोटोजीपी डुकाटीवर त्याला चाचणीसाठी बसवण्यात आले. ज्या डुकाटीवर तो पुढे जगज्जेता झाला, तिची ओळख त्याला या लहान संघाच्या दारातूनच झाली.

त्या हंगामानंतर बान्याया मोटो-२ मध्ये गेला, मार्टिन होंडाच्या गाडीवर गेला. २०१७ मध्ये आस्पारच्या महिंद्रावर नवे दोघे बसले, लोरेन्झो दाला पोर्ता आणि आल्बर्ट आरेनास. पहिला २०१९ चा आणि दुसरा २०२० चा मोटो-३ जगज्जेता झाला. त्यांच्या आधी, २०१८ चा मान मार्टिनने मिळवला होता. सीआयपी या दुसऱ्या संघात महिंद्रावर बसलेल्या मार्को बेझेक्कीने ऑक्टोबर २०१७ मध्ये जपानमधील मोतेगी येथे तिसरा क्रमांक मिळवला. तोवर कंपनीने वर्षअखेर मोटो-३ सोडण्याचे जाहीर केले होते. २०१४ पासून ती विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या फॉर्म्युला-ई मालिकेत होती, सगळे बळ तिकडे वळले. लहान संघाने पेरलेले उगवायला तीन ते आठ वर्षे लागली. तेवढा धीर कंपनीच्या ताळेबंदात नसतो.

२४ सप्टेंबर २०२३ रोजी ग्रेटर नोएडा येथील बुद्ध धावपट्टीवर भारतातील पहिली मोटोजीपी शर्यत झाली. पहिला आला बेझेक्की, दुसरा मार्टिन. दुसऱ्या स्थानावर धावणारा बान्याया घसरून पडला नसता तर मंचावर तिघेही एकेकाळचे महिंद्राचे चालक दिसण्याची शक्यता होती. समालोचनात याचा उल्लेख ओझरता झाला असेल. मंचावर भारतीय संघाचे नाव कुठेच नव्हते.

दुसरा भारतीय संघ, हीरो मोटोस्पोर्ट्स, वेगळ्या मैदानात खेळतो. २०१६ मध्ये स्थापन झालेला हा संघ डकारसारख्या वाळवंटी दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींत उतरतो. तेथेही केटीएम आणि होंडा यांच्या तुलनेत तो लहानच. त्याचा पहिला परदेशी चालक पुन्हा पोर्तुगीज, जोआकिम रॉड्रिग्ज. २०१९ मध्ये संघाने त्याच्या बहिणीच्या नात्यातील, २०१५ च्या डकारमध्ये दुसरा आलेला पाउलो गोन्साल्विस याला होंडाकडून आणले. अनुभवी, मोठ्या संघातून बाहेर पडलेला, म्हणजे लहान संघासाठी आदर्श निवड. १२ जानेवारी २०२० रोजी सौदी अरेबियातील सातव्या टप्प्यात पडून त्याचा मृत्यू झाला. हीरोने ती शर्यत तेथेच सोडली. त्याच रॉड्रिग्जने २०२२ मध्ये तिसरा टप्पा जिंकून भारतीय कंपनीला डकारमधील पहिला टप्पाविजय मिळवून दिला. त्याच वर्षी यामाहाने डकारमधून अंग काढून घेतले आणि बोत्स्वानाचा रॉस ब्रांच, जो पेशाने वैमानिक आहे, मोकळा झाला. हीरोने त्याला उचलले. २०२४ च्या डकारमध्ये तो दुसरा आला आणि त्याच वर्षी रॅली-रेडचा जगज्जेता ठरला. दुसऱ्याचे दुकान बंद होण्याची वाट पाहणे हीदेखील लहान संघाची एक रीत आहे, आणि ती येथे फळाला आली.

आता अवघड प्रश्न. या साऱ्या नावांत भारतीय किती? महिंद्राच्या जागतिक मालिकेतील कायम जागांवर एकही नाही. हीरोकडे होता, बेंगळुरूचा सी. एस. संतोष. २०१५ मध्ये डकार पूर्ण करणारा तो पहिला भारतीय. २०२१ च्या चौथ्या टप्प्यात त्याला गंभीर अपघात झाला, तो बचावला, पण त्यानंतर संघात त्याची जागा परदेशी चालकांनीच भरली. त्याच २०२१ च्या डकारमध्ये व्यापारी जहाजावरील कॅप्टन आशीष रावराणे हा मराठी स्वार कोणत्याही कारखान्याच्या पाठबळाशिवाय, खासगी स्पर्धक म्हणून उतरला होता. केरळचा हरित नोआ २०२४ मध्ये एकूण अकरावा आला, पण तो टीव्हीएसच्या भागीदारीतील फ्रेंच शेर्को संघाकडून.

कंपन्यांना दोष देणे सोपे आहे आणि काही अंशी तो त्यांच्याकडे जातोही. पण निवडीच्या टेबलावर बसलेल्या माणसाच्या नजरेने पाहिले तर अडचण दिसते. स्पेन-इटलीतील मुलगा पाच-सहा वर्षांचा असताना छोट्या मोटारसायकलवर बसतो आणि पंधराव्या वर्षी त्याच्या गाठीशी शेकडो शर्यती असतात. भालकीच्या किंवा आळंदच्या मुलाने असे काही करायचे म्हटले तर कायमची डांबरी धावपट्टी शोधत त्याला चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई किंवा कोईम्बतूर गाठावे लागेल. गाडी, पोशाख, टायर, प्रवास हा खर्च वेगळा. गुणवत्ता असेलही, पण ती दिसण्याइतक्या शर्यतीच त्याच्या वाट्याला येत नाहीत, आणि लहान संघ दिसलेल्या गुणवत्तेवरच पैज लावतो.

गेल्या काही वर्षांत चित्र थोडे हलले आहे. होंडाने भारतात इंडिया टॅलेंट कप सुरू केला. रुकीज कपप्रमाणे त्यातही मुलांना एकसारख्या गाड्या मिळतात. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सुपरक्रॉस लीगमध्ये तर संघांनी चालक लिलावातून घेतले, परदेशी स्वारांच्या बरोबरीने भारतीयांसाठीही त्यात जागा राखलेल्या होत्या. लिलावात चालकाची किंमत निदान सर्वांसमोर ठरते, आणि प्रायोजकाची पिशवी घेऊन येणाऱ्याला मागच्या दाराने शिरणे कठीण होते. मात्र वर्षाला मोजक्याच शर्यती होणारी लीग ही चालक घडवण्याची शाळा होऊ शकत नाही, घडलेल्यांना मंच देऊ शकते.

जागतिक मालिकेचा एक नियम मात्र भारतीय मुलांना नकळत लाभाचा ठरू शकतो. मोटो-३ मध्ये प्रवेशाचे किमान वय पूर्वी सोळा होते, २०२३ पासून ते अठरा करण्यात आले. मुलांच्या गटांतील जीवघेण्या अपघातांनंतर हा बदल झाला. बान्याया सोळाव्या वर्षी या गटात आला होता, मार्टिन सतराव्या. आता युरोपातील मुलालाही दोन वर्षे खालच्या मालिकांत थांबावे लागते. दहाव्या-बाराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्या भारतीय मुलाला अंतर भरून काढण्यासाठी तेवढीच दोन वर्षे अधिक मिळतात.